सायकलने माहेरी: बिबवेवाडी ते वाई, प्रकल्प नोंदी

२१ डिसेंबर, रविवार

ठरलं. २६ जानेवारी सोमवारी आलीये म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी, आणि मधल्या रविवारी २५ ला रथसप्तमी. आईचं हळदीकुंकू दरवर्षी रथसप्तमीलाच असतं. तर या वेळी वाईला सायकलने जायचं. घरापासून माहेरच्या दारापर्यंत मॅपवर ८५ किलोमीटर दाखवतंय, वाटेत दोन घाट, जुना कात्रज आणि खंबाटकी.

का जायचंय तेही लिहून ठेवते, पुढे पाय दुखायला लागले की आठवायला पाहिजे. गाडीने वाई दोन-सव्वादोन तासांवर आहे आणि तिथेच सगळं अडतं, इतकं जवळ आहे म्हणून आम्ही सकाळी जातो, जेवतो, आई डबे भरते आणि चार वाजले की नवरा म्हणतो निघूया नाहीतर खेड शिवापूरला अडकू. परवा बसून मोजलं, गेल्या तीन वर्षांत मी माहेरी एकही रात्र राहिलेली नाही. सायकलने गेलं की त्याच दिवशी परत येण्याचा प्रश्नच नाही. मुक्काम करावाच लागतो.

आप्पांना, म्हणजे वडिलांना, फोन केला. ते वाईला मराठी विश्वकोशाच्या कामात मुद्रितशोधक होते, १९७६ ला पहिला खंड निघाला त्यानंतर दोन वर्षांनी लागले ते रिटायर होईपर्यंत प्रुफंच बघितली. म्हणाले, "ये, पण रोजची नोंद ठेव. तारीख, वेळ, काय केलं, किती खर्च आला. अंदाजपंचे लिहू नकोस." म्हणून ही वही.

२४ डिसेंबर, बुधवार

सायकल लेकाची. हायब्रिड, ७०० बाय ३५ ची टायरं, पुढे तीन मागे सात असे एकवीस गिअर. तो नोकरीला बंगलोरला गेला तेव्हापासून दोन वर्षं बाल्कनीत चादरीखाली उभी होती. आज ऑफिसमधून लवकर येऊन धुतली आणि काय काय बिघडलंय ते बघितलं. दोन्ही टायरना बाजूला बारीक भेगा पडल्यात, चेन गंजलीये, मागच्या ब्रेकचे रबर संपलेत. पुढचं चाक धरून डावी-उजवीकडे हलवलं तर खेळ आहे, कट-कट वाजतं, आणि फिरवलं की आत वाळू असल्यासारखं हाताला लागतं. हेच सगळ्यात जास्त काळजीचं वाटतंय कारण घाट उतरताना सगळा भार पुढच्या चाकावर येणार.

२८ डिसेंबर, रविवार

सकाळी १० ते १, अप्परला (बिबवेवाडीतलं अप्पर इंदिरानगर) सायकलवाल्या काकांकडे. मी म्हटलं मला बघायचंय आणि जमलं तर करायचंय, रस्त्यात काही झालं तर तिथे तुम्ही नसणार. ते म्हणाले, "बसा ताई, हात मात्र काळे होणार."

पुढचं चाक काढलं, एका बाजूचा नट, मग कोन (छर्रे जागेवर धरणारा शंकूसारखा नट) सोडवला आणि एक्सल अलगद ओढून घेतला. आत ग्रीस असं काही नव्हतंच, काळा चिखल. छर्रे कागदावर काढून ओळीत लावले, एका बाजूचे दहा, दुसऱ्या बाजूचे नऊ. काका म्हणाले एक कुठे गेला. चाक आडवं धरून हलवलं तर हबच्या पोकळीत खडखडला, ठोकून बाहेर काढला तर एका बाजूने चपटा झालेला. मी कट-कट म्हणत होते ते हेच. छर्रे ज्यात बसतात ती वाटी त्यांनी रॉकेलच्या फडक्याने पुसली आणि मला बोट फिरवून बघायला लावलं, वाटी काचेसारखी गुळगुळीत होती पण कोनावर नखाला लागेल असा खड्डा. तो कोन बदलला आणि छर्रे सगळेच नवीन घेतले, जुन्यात नवे मिसळायचे नसतात कारण केसाएवढा जरी फरक असला तरी सगळा भार जाडावर येतो.

एक बाजू त्यांनी केली, दुसरी मी. वाटीत बोटाने ग्रीस भरायचं आणि त्यात एकेक छर्रा चिकटवत जायचं. दहावा बसला की थोडी फट उरते, माझ्या मनात आलं अजून एक बसेल, काका लगेच म्हणाले नाही, ती जागा फिरायला लागते. मग कोन हाताने आवळायचा, थोडासा मागे घ्यायचा, आणि वरून चेकनट घट्ट करताना कोन हलू द्यायचा नाही. हे मला चौथ्यांदा जमलं. चाक बसवून हातानं सोडलं तर व्हॉल्व्हची जड बाजू आपोआप खाली आली, घड्याळाच्या लंबकासारखी थोडी झुलली आणि थांबली. काका काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली, मला फार बरं वाटलं.

चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना डुलणं, काढला, नवीन चेन, चारही ब्रेक रबर. खर्च १,०४० रुपये मजुरीसकट. टायरं दोन, १,५०० रुपये, पुढच्या आठवड्यात येतील.

४ जानेवारी, रविवार

नवीन टायरं बसवली. पहिली फेरी, घर ते कात्रजचा जुना बोगदा आणि परत, १९ किमी. जाताना १ तास ५ मिनिटं. कात्रज चौकात पुलाचं काम चालू असल्यामुळे खडी आणि धूळ, तिथे उतरून चालत गेले. घाट चढला पण गुडघ्यात पुढच्या बाजूला चांगलंच दुखलं.

संध्याकाळी काकांना दाखवलं तर म्हणाले सीट खाली आहे, सगळेजण पाय जमिनीला टेकावेत म्हणून खाली ठेवतात आणि मग गुडघा बोलायला लागतो. भिंतीला टेकून बसवलं, टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ व्हायला पाहिजे. मग चालवताना पायाचा चवडा ठेवला की गुडघ्यात बरोबर तेवढा बाक राहतो. सीट दोन बोटं वर घेतली. आता थांबताना सीटवरून पुढे उतरावं लागतं, सवय करावी लागेल.

७ जानेवारी, बुधवार

ऑनलाईन मागवलेल्या जादा ट्यूब आल्या आणि व्हॉल्व्ह चुकीचा आहे. बारीक, वर छोटी पिळायची टोपी असलेला फ्रेंच व्हॉल्व्ह. पानावर जाडा व्हॉल्व्ह लिहिलेलं होतं, मी दोनदा वाचून ऑर्डर केलेली. त्याला पेट्रोल पंपावर हवा भरता येत नाही आणि आमच्या रिमचं भोकही मोठं आहे. परत पाठवायला गेले तर पाकीट फोडलंय म्हणून घेणार नाही म्हणतात, पाकीट न फोडता व्हॉल्व्ह कसा बघायचा ते मात्र कोणी सांगितलं नाही. ६०० रुपये गेले. अप्परला जाऊन बरोबर माप हातात घेऊन दोन ट्यूब आणल्या, ३६० रुपये.

११ जानेवारी, रविवार

बिबवेवाडी, कोंढवा, बोपदेव घाट, सासवड आणि त्याच वाटेने परत. ५४ किमी, ४ तास ४० मिनिटं थांबे धरून. दिवे घाटाने उतरायचा विचार होता पण तिथे रुंदीकरण चालू आहे म्हणून नको म्हटलं.

बोपदेव मधल्या चाकावर नाही जमला, पुढचं सगळ्यात छोटं चाक आणि मागचं सगळ्यात मोठं असं लावून, वेगाची लाज न बाळगता पाय फिरवत ठेवायचे, मग जमला. श्वास इतका चालला पाहिजे की एक वाक्य पूर्ण बोलता येईल, वाक्य तुटायला लागलं की गिअर हलका करायचा. मी मनातल्या मनात नाही, खरंच मोठ्याने रामरक्षा म्हणत चढले, चरण तुटला की कळायचं.

परतीला भिवरीच्या आसपास एकदम हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे बारीक मुंग्या. सकाळी फक्त चहा-बिस्किट खाऊन निघाले होते, चूक माझी. सासवडला घेतलेले अंजीर पिशवीत होते, खट्टा बहार चालू आहे सध्या, चार खाल्ले, दहा मिनिटं झाडाखाली बसले आणि परत माणसात आले. यापुढे नियम, भूक लागायची वाट बघायची नाही, दर पाऊण तासाला काहीतरी खायचं. पाण्यासाठी घरचंच, लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. चमचे चहाचे आणि सपाट भरलेले, मीठ जास्त पडलं तर उपयोगापेक्षा त्रास.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

आईला तिळगुळाचा फोन. म्हणाली, "येतेयस ना, मग वाण तुळशीबागेतून आण, इथे यंदा सगळीकडे तेच प्लास्टिकचे डबे." किती बायका तर छत्तीस. छत्तीस वस्तू सायकलवर. स्टीलचे चमचे म्हणाली होती, मी वजन विचारलं तर म्हणाली वाणाचं वजन कोण करतं का. मी केलं, कापडी पिशव्या घ्यायच्या ठरलं, छोट्या, भाजीला नेता येतील अशा.

१५ जानेवारी, गुरुवार

महापालिकेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आले, मग कात्रज घाट सलग दोनदा. दुसऱ्यांदा ४८ मिनिटं. गुडघा गप्प.

१८ जानेवारी, रविवार

काल तुळशीबागेतून ३६ पिशव्या आणल्या, वजन १ किलो ७०० ग्रॅम. आज सगळं सामान लावून ३० किमी. पॅनिअर बॅगा (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या) दोन, डावीत वाण आणि कपडे, उजवीत ट्यूब, पंप, पाने, पंक्चरचं सामान, खाऊ. पहिल्यांदा सगळं कॅरिअरच्या वर बांधलं होतं, तर वळणावर सायकल मागून कोणी ढकलल्यासारखी झुलत होती, तेच वजन चाकाच्या बाजूला खाली नेल्यावर ती शांत झाली. दोन्ही बाजू ताणकाट्याने मोजून सारख्या केल्या.

उद्यापासून पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत सुरू होतेय त्यामुळे रस्त्यावर सायकलवाले खूप दिसले, एकदम भारी भारी सायकली. पुणं एके काळी सायकलींचंच गाव होतं, माझ्या सासूबाई रोज सायकलने नोकरीला जायच्या, नऊवारी नाही पण पाचवारी साडीत. त्यांना आजचे आकडे सांगितले तर विचारलं, "घंटी लावलीस का?" नव्हती लावली. लावली.

२३ जानेवारी, शुक्रवार

सगळं तयार. हवा ६५ पीएसआय, टायरवर ५० ते ७५ लिहिलंय. पुढचा आणि मागचा लाईट चार्ज. नवरा शिंदेवाडीपर्यंत स्कूटरवर मागे येणार, जुन्या घाटात अंधार असतो आणि त्याला झोप लागणार नाही म्हणाला.

२४ जानेवारी, शनिवार (रात्री वाईत बसून लिहितेय)

पहाटे ५:३० ला निघाले. थंडी चांगली होती, बोटं ब्रेकवर आखडत होती म्हणून दोन हातमोजे एकावर एक. जुन्या घाटात आम्ही दोघंच, मागून स्कूटरचा उजेड आणि माझी सावली रस्त्यावर लांबच लांब पुढे. बोगद्यात शिरण्याआधी थांबून त्याला पुढे घेतलं, बोगदा ओलांडून पुढे उतार. पुढच्या चाकाबद्दल मनात जी धाकधूक होती ती दुसऱ्या वळणावर गेली, चाक एकदम सरळ धावत होतं, एक आवाज नाही. शिंदेवाडीला ६:४०. तिथे आम्ही दोघांनी थर्मासमधला चहा घेतला, तो म्हणाला "जा तू, पोचलीस की फोन कर" आणि वळला, पण मी पुढच्या वळणापर्यंत गेले तरी तिथेच उभा होता.

पुढे हायवे, ४८ नंबरचा, आम्ही सगळे अजून एनएच फोरच म्हणतो. पांढऱ्या रेघेच्या डावीकडून चालवायचं हे ठरलेलं. जिथे सर्व्हिस रोड आहे तिथे तो घ्यायचा, पण तो मधेच संपतो आणि परत हायवेला चढावं लागतं, अशा प्रत्येक ठिकाणी मी थांबून, मागे बघून, ट्रकांची रांग जाऊ देऊन मगच चढले. यात वेळ जातो आणि जाऊ द्यावा. फाट्यांवरचे पूल मी घेतलेच नाहीत, खालून गेले, चेलाडीला आणि कापूरहोळला. कापूरहोळला पोहे आणि केळं.

किकवीच्या अलीकडे पंक्चर. मागचं चाक. रेघेच्या डावीकडे सगळा कचरा साचतो, आणि त्यात ट्रकची जी टायरं फुटतात त्यातल्या स्टीलच्या बारीक तारा असतात, केसासारख्या, दिसत नाहीत. ट्यूब बदलायला पंधरा मिनिटं लागतात, पण तार टायरमध्येच राहिली तर दुसरी ट्यूबही जाणार. बोट आतून फिरवलं तर बोट कापतं, म्हणून ओढणीचं टोक टायरच्या आतून सावकाश फिरवत गेले, एका जागी दोरा अडकला. तिथे नीट बघितलं तरी काही दिसेना, उन्हाकडे तिरकं धरल्यावर एक चमक दिसली, एवढीशी. नेलकटरने धरून ओढली, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी निघाली. ती मी कागदात गुंडाळून आणलीये, आप्पांना दाखवली. एकूण ३५ मिनिटं गेली. तेवढ्यात एक दूधवाला थांबला, काही लागतंय का विचारलं, नको म्हटलं तरी हवा भरून होईपर्यंत उभा राहिला.

सारोळ्याच्या पुलावरून नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. लहानपणी एसटीत आई इथे आम्हाला उठवायची, "आपला जिल्हा आला" किंवा पुण्याला जाताना "संपला बरं का", तिला हे का सांगावंसं वाटायचं ते मी कधी विचारलं नव्हतं. शिरवळ ९:२०. खंडाळ्यात चहा, शेंगदाण्याची चिक्की, अर्धा लिटर सरबत. आप्पांचा फोन खंडाळ्यात आला. १०:२५ ला खंडाळा सोडलं.

खंबाटकी घाट पुण्याकडून साताऱ्याला जाणाऱ्यांनाच आहे, येणारी वाहनं बोगद्यातून येतात, त्यामुळे समोरून काही येत नाही हे एक बरं. पण आज लाँग वीकेंडचा पहिला दिवस, सगळं पुणं महाबळेश्वर-पाचगणीला निघालेलं, पायथ्यापासूनच गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. बॉनेट उघडलेल्या, पाण्याच्या बाटल्या ओतणारे, क्लच जळाल्याचा तो कडू वास. उलटीसाठी कडेला उतरलेली पोरं. मी डावीकडच्या दोन-अडीच फुटांतून ताशी पाचच्या वेगाने चढत होते. एका गाडीतून एक बाई काच खाली करून म्हणाल्या कुठवर निघालात, म्हटलं माहेरी, वाईला. त्यांनी हात बाहेर काढून माझ्या हातात संत्र्याच्या चार फोडी ठेवल्या, आणि म्हणाल्या, "सांगलीला माझं." तेवढंच, मग त्यांची रांग सरकली.

घाटातल्या खामजाईच्या देवळापाशी पाणी भरलं, तोंड धुतलं. माथ्यावर ११:५०. उतारावर ब्रेक सतत न धरता धर-सोड करत उतरले नाहीतर रिम तापते. वेळे, सुरूर. सुरूर फाट्याला हायवे सोडला आणि वाईच्या रस्त्याला लागले तेव्हा एकदम कान मोकळे झाले. दोन्ही बाजूला वडाची जुनी झाडं, बुंध्यांना पट्टे, सावली. मधे मधे उसाचे ट्रॅक्टर, दोन दोन ट्रॉल्या जोडलेले, त्यांच्या मागे राहायचं, ओलांडायचं नाही, ट्रॉली डुलते. रस्त्यावर ऊस सांडलेला.

१:२० ला दारात. आईने मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि मग सायकलच्या हँडलला हळदीकुंकू लावलं. आप्पांनी घड्याळात बघून त्यांच्या डायरीत वेळ लिहिली. पिठलं-भाकरी, कांदा, ताक. चार वाजले आणि कोणी उठलं नाही. मी आईच्या शेजारी आडवी झाले ते साडेसहाला जाग आली.

२५ जानेवारी, रविवार, रथसप्तमी

रात्री जे बघितलं ते आधी लिहिते. मी मधल्या खोलीत झोपले होते. आप्पा साडेबाराला उठले, मग दोनला, साडेतीनला, पाचला. प्रत्येक वेळी कॉटपासून बाथरूमपर्यंत भिंत धरून, आणि जिथे भिंत संपते आणि दार सुरू होतं तिथे दोन पावलं धरायला काही नाही, तिथे ते थांबतात, दम घेतात आणि मग दाराच्या कडीला हात घालतात. कडी हलते. आईही प्रत्येक वेळी जागी असते, उठत नाही, फक्त त्यांचं पाऊल ऐकत पडून राहते, परत कॉट वाजली की कूस बदलते. फोनवर मी रोज विचारते झोप लागली का, रोज सांगतात लागली. चार तासांच्या भेटीत हे मला कधीच दिसलं नसतं, तीन वर्षं दिसलं नाहीच.

सकाळी अंगणात दूध उतू घालवलं. आईने पाटावर रक्तचंदनाने सूर्य काढला, सात घोड्यांचा रथ, घोडे नुसत्या रेघांचे पण सात मोजून. संक्रांतीचं सुगड ठेवलेलं, त्यात बोटभर दूध, खाली गोवरीचे तुकडे. गोवरी ओलसर होती, आधी नुसता धूर, आई वाकून फुंकर घालत होती आणि मी म्हटलं मी घालते तर म्हणाली थांब, यात घाई नाही चालत. मग कडेने बारीक बुडबुडे, साय वर उचलली, तिला सुरकुत्या पडल्या, आणि एकदम पूर्वेकडच्या बाजूने दूध उतरून विस्तवावर पडलं, चर्र आवाज, जळक्या दुधाचा वास. आई म्हणाली, "उगवतीकडे गेलं, छान झालं."

दहा वाजता दादाबरोबर बाजारात. स्टीलचे हँडल दोन, एक फुटाचं आणि दीड फुटाचं, ७८० रुपये, ड्रिल शेजारून. उंची ठरवताना दादा म्हणाला कमरेएवढं लावू, मी म्हटलं आप्पांना उभं करून मापायचं, सीटसारखं, माणसाच्या मापाने. आप्पा उभे राहिले, हात सैल सोडला, कोपरात थोडा बाक आला तिथे पेन्सिलची खूण. पहिलं दारापाशी उभं, दुसरं आत आडवं. वीट जुनी आहे, प्लास्टर पोकळ वाजत होतं, एका भोकात प्लग फिरत राहिला म्हणून चार बोटं बाजूला घेऊन परत केलं. दादाने पूर्ण वजन टाकून लोंबकळून बघितलं, मग मी. आप्पांनी दोन फेऱ्या मारल्या, तिसऱ्यांदा कडीकडे हात गेला नाही.

संध्याकाळी हळदीकुंकू, छत्तीस पिशव्यांपैकी चौतीस गेल्या, दोन आईने कपाटात ठेवल्या. मला सगळ्यांनी एकच विचारलं, घाटात कसं.

त्याआधी आप्पांना गाडीतून ढोल्या गणपतीला नेलं. माघ आहे, कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवाचे दिवस, नदीकाठच्या एकेका घाटाचा पाळीने. १७६२ चं देऊळ, रास्त्यांनी बांधलेलं. आप्पा गाडीतच बसून म्हणाले, "मागची भिंत बघून ये, माशासारखी आहे, पुराचं पाणी तिथे फुटून दोन बाजूंनी जावं म्हणून. उद्या समोरून वारा लागला तर अशीच वाक." शंभरदा बघितलेली भिंत, आज परत जाऊन हात लावून आले.

रात्री आप्पांनी वही मागून घेतली आणि लाल पेन.

२६ जानेवारी, सोमवार

परतीचा बोगदा आणि त्यानंतरचं ते एस आकाराचं वळण सायकलवर करायचं नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं, तिथे किती अपघात झालेत ते त्या भागात सगळ्यांना माहीत आहे. ४:४५ ला दादाच्या पिकअपमध्ये सायकल टाकून बोगद्यापलीकडे खंडाळ्यात उतरले. ५:३५ ला सायकलवर. शिरवळला उजाडलं, शाळेची पोरं झेंडे घेऊन चाललेली. खेड शिवापूरपर्यंत समोरून वारा, कोपरं वाकवून खाली झाले. पंक्चर नाही. कात्रजचा चढ या बाजूने लांबतो पण सौम्य आहे. घरी १०:५०.

सामानात आईने या वेळी डबे दिले नाहीत, एक किलो हळद दिली फक्त, म्हणाली तुझ्या गाडीला जड होईल. आप्पांचा सकाळी फोन, रात्री तीनदा उठले, हँडल गार लागतं म्हणाले. त्याला कापडी पट्टी गुंडाळायला दादाला सांगितलं.

२७ जानेवारी, मंगळवार

एकूण खर्च: चेन, छर्रे, मजुरी १,०४०, टायरं १,५००, ट्यूब ३६० आणि वाया गेलेले ६००, वाण १,०८०, हँडल ७८०, वाटेतलं खाणंपिणं २१०. बेरीज ५,५७०. पुढचा मुक्काम गुढीपाडव्याला, तेव्हा ऊन असेल, पहाटे साडेतीनला निघावं लागेल.

आत्ता वही उघडली तर सगळीकडे लाल खुणा. दोन ठिकाणी 'कि' चा 'की', एका ठिकाणी अनुस्वार, '२-३' कापून 'दोन-अडीच'. आणि २४ तारखेच्या पानाच्या समासात बारीक अक्षरात, "माझ्या डायरीत फोनची वेळ १०:५०. तू खंडाळा १०:२५ ला सोडलंस. मेळ बसत नाही. कुठे होतीस?"

दुरुस्ती. आप्पा, फोन आला तेव्हा मी खंबाटकीच्या पहिल्या मोठ्या वळणाच्या वर, कडेच्या दगडावर बसले होते. उजव्या पोटरीत गोळा आला होता, पाय सपाट टेकवत नव्हता, सायकल आडवी टाकलेली. तुम्ही विचारलंत कुठवर आलीस आणि मी म्हटलं खंडाळ्यात चहा घेतेय. बावीस मिनिटं बसले, मीठ-साखरेचं पाणी प्यायले, पोटरी चोळली, मग अकरा मिनिटं सायकल हातात धरून चालत चढले. खामजाईच्या अलीकडे परत बसले सायकलवर. वेळ ११:२३.